वाचकांचे प्रश्न : वेबसाइट डिरेक्टरीत नोंदवताना

या वेळचे बहुतेक प्रश्न होमस्टेवाल्यांचे आणि आंबा-कोकमवाल्यांचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. डिरेक्टरी म्हणजे वेबसाइटींची किंवा व्यवसायांची विभागवार ऑनलाइन यादी.

प्रश्न : आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. ज्याने वेबसाइट करून दिली त्यानेच आता ‘५०० डिरेक्टऱ्यांत सबमिशन, गुगलच्या पहिल्या पानाची हमी’ असं पॅकेज सांगितलं आहे. घ्यावं का?
— एक होमस्टेचालक, तारकर्ली

घेऊ नका. हा प्रकार एके काळी खरोखर चालायचा, म्हणून त्याच्या नावावर अजून माल खपतो. १९९४मध्ये याहूची डिरेक्टरी सुरू झाली आणि १९९८मध्ये स्वयंसेवक संपादकांची डीमॉझ. तिथे माणूस साइट उघडून बघायचा, वाचायचा आणि मगच योग्य विभागात घालायचा. धंद्याच्या साइटसाठी याहू वर्षाला २९९ डॉलर घेई आणि लोक ते भरत, कारण त्या नोंदीतली लिंक सर्च इंजिन शिफारशीसारखी धरत. मग नुसत्या लिंका वाटण्यासाठी हजारो नकली डिरेक्टऱ्या निघाल्या. एप्रिल २०१२मध्ये गुगलने आपल्या शोधपद्धतीत ‘पेंग्विन’ हा बदल आणून अशा लिंकांचा फुगा फोडला. याहूची डिरेक्टरी २०१४च्या अखेरीस मिटली, डीमॉझ मार्च २०१७मध्ये. आज गुगलच्या स्पॅमविषयक नियमांत हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांतल्या लिंकांचा नाव घेऊन उल्लेख आहे. पहिल्या पानाची हमी तर कोणीच देऊ शकत नाही.

पॅकेजवाला करतो काय, तर एकच मजकूर सॉफ्टवेअरने पाचशे फॉर्मांत ओततो आणि तुम्हाला एक्सेलची यादी पाठवतो. त्यातल्या बऱ्याच साइट महिन्याभरात उघडत नाहीत. गुगल अशा लिंका बहुधा मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. पण खरा त्रास पुढे असतो. उद्या तुमचा मोबाइल नंबर बदलला, की जुना नंबर पाचशे ठिकाणी तसाच राहतो आणि त्यातल्या एकाही ठिकाणचं लॉगिन तुमच्याकडे नसतं.

त्यापेक्षा शेवटचे दहा पाहुणे तुमच्यापर्यंत कसे पोचले, ते वहीत लिहा. ज्या जागांची नावं त्यात येतील, तिथली नोंद आधी नीट करा. चार खोल्यांच्या होमस्टेला साधारण सात-आठ जागा पुरतात. गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, पहिलं. त्यावरूनच मायक्रोसॉफ्टच्या बिंग प्लेसेसमध्ये माहिती आयात करता येते, दुसऱ्यांदा टंकायची गरज नाही. ॲपलच्या नकाशावर त्यांच्या बिझनेस कनेक्टमधून, जस्टडायलवर फुकटची नोंद, आणि केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ‘निधी’ हा निवास व्यवसायांचा डेटाबेस. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर जागा दाखवून वेबसाइटचा पत्ता जोडता येतो, मात्र तिथे जाहिरातीची भाषा चालत नाही. राज्याच्या निवास-न्याहारी योजनेत तुमची नोंदणी झालेली असेल, तर तिथल्या यादीतला फोन नंबर एकदा तपासून घ्या.

अनोळखी डिरेक्टरी पारखायची असेल, तर तिच्या मालवणच्या पानावरच्या तीन नोंदी उघडून बघा. तीनपैकी दोन साइट मेलेल्या असतील तर निघा. शेजारच्या विभागांत जुगार, औषधाच्या गोळ्या, झटपट कर्ज दिसत असेल तरीही निघा. ‘आधी आमची लिंक तुमच्या साइटवर लावा’ अशी अट असेल तर पुढे वाचूच नका. शेवटची पारख : नोंद नंतर बदलायची किंवा काढायची सोय आहे का?

पॅकेज आधीच घेतलं असेल तर घाबरायचं कारण नाही. सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं गुगलचं साधन उघडून ‘मॅन्युअल ॲक्शन्स’, म्हणजे गुगलने साइटवर केलेली कारवाई, बघा. तिथे काही नसेल तर सोडून द्या. लिंका नाकारण्याचं ‘डिसअव्हाव’ साधन तशी कारवाई झाली असेल किंवा होण्याची खरी धास्ती असेल तेव्हाच काढायचं.

प्रश्न : तीन डिरेक्टऱ्यांत फॉर्म भरले. एकीकडून ‘नामंजूर’, दोन ठिकाणांहून काहीच कळलं नाही. कारण कोणी सांगत नाही. चुकतं कुठे?
— एक वाचक, गुहागर

कारण सांगायला तपासणाऱ्याकडे वेळ नसतो. तो साइटवर फार तर एखादा मिनिट घालवतो, आणि त्या मिनिटात काय दिसतं यावर सगळं ठरतं.

म्हणून फॉर्मच्या आधी साइटकडे बघा. घरच्या वायफायवर नको. मोबाइल डेटावर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. ‘लवकरच येत आहे’ असं एखादं पान राहिलंय का? कुलपाच्या जागी ‘सुरक्षित नाही’ दिसतं का? दिसत असेल तर सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे किंवा ते बसवलेलंच नाही. थीमसोबत आलेले परदेशी बीचचे फोटो आणि लॅटिन भरताड मजकूर काढलाय का? संपर्काच्या पानावर नुसता फॉर्म न ठेवता पूर्ण पत्ता आणि फोन लिहा. पत्ता नसलेला होमस्टे तपासणाऱ्याला संशयास्पद वाटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

वर्डप्रेसवर एक हमखास चूक होते. साइट बांधताना ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’ पानावर सर्च इंजिनांना दूर ठेवण्याच्या चौकोनात खूण केलेली असते आणि ती काढायची राहून जाते. तशी साइट तुम्हाला व्यवस्थित दिसते, पण प्रत्येक पानात ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान शोधात घेऊ नका’ अशी सूचना असते. पान यंत्राने तपासणारी डिरेक्टरी अशी साइट कोणताही खुलासा न करता टाकून देते.

मग वेबसाइटचा पत्ता. तो व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवरून उचलू नका, कारण त्याला प्रश्नचिन्हापुढे लांबलचक शेपूट लागलेलं असतं. मुख्य पान पूर्ण उघडू द्या आणि वरच्या पट्टीत शेवटी जो पत्ता दिसतो तोच घ्या. ‘डब्ल्यू’ तीनदा असलेला आणि नसलेला, असे दोन्ही पत्ते वेगवेगळे उघडत असतील तर आधी एक कायमचा दुसऱ्याकडे वळवून घ्या. त्याला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात, होस्टिंगवाल्याला एवढंच सांगितलं तरी कळतं. वेबसाइटच्या रकान्यात फेसबुक पानाचा पत्ता भरला तर बहुतेक ठिकाणी नकार ठरलेला.

नाव म्हणजे पाटीवरचं नाव. ‘सागरकिनारा होमस्टे’ असेल तर तेवढंच. ‘सागरकिनारा होमस्टे बेस्ट स्वस्त बीच रूम गुहागर’ हे नाव नव्हे, आणि गुगल प्रोफाइलवर अशा भरतीमुळे प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

विभाग शक्य तेवढा आतला निवडा : महाराष्ट्र, मग रत्नागिरी, मग गुहागर, मग निवास. वरच्या ‘पर्यटन’ विभागात घातलेली नोंद तपासणाऱ्याला हलवावी लागते, आणि हलवण्यापेक्षा नाकारणं सोपं असतं. गुगलवर एक मुख्य प्रकार आणि आणखी नऊपर्यंत देता येतात, पण जेवणासाठी बाहेरचे लोक घेत नसाल तर ‘रेस्टॉरंट’ला हात लावू नका. नाहीतर रविवारी दुपारी दारात गाड्या उभ्या राहतील.

वर्णनात सर्वाधिक अर्ज फसतात. ‘सर्वोत्तम’, ‘स्वर्गसुख’, ‘अविस्मरणीय’, उद्गारचिन्हं, सगळी अक्षरं मोठी केलेलं इंग्रजी, वर्णनातच फोन नंबर, हे सगळं काढा. उरलं ते चालतं. उदाहरणार्थ : ‘गुहागर समुद्रकिनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर चार खोल्यांचा घरगुती निवास. शाकाहारी आणि मासळीचं जेवण आदल्या दिवशी सांगितल्यास. अंगणात तीन गाड्यांची जागा.’ अशी वर्णनं तीन मापांत आधीच लिहून ठेवा : १००, २५० आणि ७५० अक्षरांची. ७५० ही गुगल प्रोफाइलची मर्यादा आहे. फॉर्म समोर उघडून सुचेल ते लिहायला बसलं, की प्रत्येक ठिकाणी वेगळी माहिती जाते. कुठे चार खोल्या, कुठे पाच.

ज्या दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही, तिथे पहिला संशय ईमेलवर घ्या. बऱ्याच डिरेक्टऱ्या पुष्टीची लिंक पाठवतात, ती स्पॅममध्ये जाऊन पडते आणि तिची मुदत एक-दोन दिवसांची असते. लिंक दाबली नाही तर अर्ज रांगेत लागतच नाही. शक्य असेल तर स्वतःच्या डोमेनचा ईमेल द्या, मालकी पटायला मदत होते. वेबसाइट करणाऱ्याचा ईमेल मात्र देऊ नका. तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला की तुमच्या सगळ्या नोंदींच्या किल्ल्या त्याच्याबरोबर जातात.

उत्तर येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा फॉर्म भरणं टाळा. दुसरा अर्ज ‘दुबार’ म्हणून दोन्ही रद्द होण्याची शक्यता असते. सहा-आठ आठवडे थांबा आणि मग एकदाच विचारणा करा. त्यासाठी अर्ज केल्याचा स्क्रीनशॉट, तारीख, वापरलेला ईमेल, निवडलेला विभाग आणि शेवटी मिळालेल्या पानाचा पत्ता एका तक्त्यात ठेवा. हा तक्ता कंटाळवाणा असतो खरा, पण फोन बदलल्यावर तोच कामी येतो.

प्रश्न : मराठीत लिहिलेलं वर्णन काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं होऊन दिसतं. २५० अक्षरांची मर्यादा असते, पण त्याच्या अर्ध्यातच फॉर्म अडतो. आमचं डोमेनही ‘डॉट भारत’ आहे, ते बरेच फॉर्म घेत नाहीत.
— एक वाचक, देवगड

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. फॉर्म करणाऱ्याने फक्त इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवलेली असतात.

आपल्याला ‘सिंधुदुर्ग’ या शब्दात चार अक्षरं दिसतात. संगणक प्रत्येक वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त वेगळा धरतो, त्यामुळे त्याच्या हिशेबी ती दहा होतात. त्यात फॉर्म अक्षरांऐवजी बाइट मोजत असेल तर आणखी पंचाईत. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे ‘सिंधुदुर्ग’चे तीस झाले. २५० बाइटांत मराठीची जेमतेम ८०-८५ चिन्हं मावतात. म्हणून मराठीसाठी एक चौथं, ७० चिन्हांचं वर्णन तयार ठेवा : ‘देवगड हापूस. बागेतून थेट विक्री. मार्च ते मे.’

प्रश्नचिन्हं दिसली तर त्यांचा डेटाबेस देवनागरी साठवत नाही, आणि ते आपल्या हातात नाही. तिथे इंग्रजी वर्णन द्या. पण प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र रोमन अक्षरं किंवा खुणा आल्या, तर दोष आपल्या बाजूचा असू शकतो. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो. छापखान्याकडून माहितीपत्रकाची फाइल आणून त्यातून उचललं, की हेच होतं. तो मजकूर स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून बघा. तिथे वाचता आला तर तो युनिकोड आहे.

‘डॉट भारत’ डोमेन देवनागरीत २०१४पासून मिळतं, पण पत्ता वैध आहे की नाही हे तपासणारे अनेक फॉर्म अजून त्याला ओळखत नाहीत. अशा डोमेनचं एक रोमन रूप असतं. ते ‘एक्स’, ‘एन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतं. डोमेन जिथे घेतलं त्या खात्यात ते सापडतं किंवा प्युनीकोड बदलून देणाऱ्या साधनातून काढता येतं. फॉर्मात तेच चिकटवा. ईमेलसाठी मात्र साधा रोमन पत्ताच द्या. डोमेनचं जुळवून घेता येतं, ईमेलबाबत फॉर्म फार हट्टी असतात.

प्रश्न : आमचं मुरूड दापोलीचं. पाहुणे रायगडच्या मुरूडला पोचून फोन करतात. एका डिरेक्टरीत तर नकाशावरचा आमचा पिन समुद्रात आहे.
— एक वाचक, मुरूड-हर्णै

मुरूड लातूर जिल्ह्यातही एक आहे, म्हणजे रायगडवरच निभावतंय. शिरोड्याचीही हीच गत : एक वेंगुर्ला तालुक्यात, एक गोव्यात. यादीतून गाव निवडताना तालुका आणि जिल्हा दिसेपर्यंत बोट टेकवू नका. ओळखीचं नावच लिहा. तुम्ही सही करताना केलंत तसं ‘मुरूड-हर्णै, ता. दापोली’. नुसतं मुरूड नको.

पिनकोडवरून जिल्हा आपोआप भरणारे फॉर्म नीट तपासा. ४१६ने सुरू होणारे पिनकोड सिंधुदुर्गात आहेत तसे कोल्हापूर-सांगलीतही आहेत, आणि ४१५ रत्नागिरीबरोबर साताऱ्यालाही. त्यामुळे मालवण ४१६६०६ लिहिलं तरी जिल्ह्याच्या रकान्यात कोल्हापूर येऊन बसू शकतं.

नकाशावरचा पिन समुद्रात जाण्याची दोन कारणं असतात. एक, अक्षांश-रेखांश दोनच दशांशांपर्यंत लिहिले. अक्षांशाचा दुसरा दशांश म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर, आणि किनाऱ्यालगतच्या घराला एवढी चूक झाली की घर पाण्यात. पाच दशांश द्या, मग फरक मीटरभराचा राहतो. दोन, आकडे उलटे पडले. आपल्याकडे अक्षांश पंधरा ते वीसच्या दरम्यान आणि रेखांश ७२-७३च्या आसपास असतो. उलट भरलात तर पिन अरबी समुद्र सोडून थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या गार समुद्रात जातो. खात्रीसाठी लक्षात ठेवा, दापोलीचं मुरूड साधारण १७.८ अक्षांशावर आणि रायगडचं १८.३वर.

गुगल नकाशावर आपल्या दाराच्या जागी बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांशाचे आकडे आणि प्लस कोड (त्या जागेचा छोटा सांकेतिक पत्ता) दोन्ही मिळतात. पत्त्याच्या ओळीत वाडीचं नाव, जवळची ठळक खूण (देऊळ, शाळा, एसटी थांबा) आणि प्लस कोड, एवढं सगळीकडे एकाच क्रमाने लिहा. आणखी एक, गावाचं इंग्रजी स्पेलिंग. देवगडच्या मधोमध कोणी ‘व्ही’ लिहितो कोणी ‘ओ’, वेंगुर्ल्याच्या शेवटी कोणी ‘ए’ कोणी ‘ई’. वाद घालत बसू नका. एक निवडा आणि पाटीपासून डिरेक्टरीपर्यंत तेच ठेवा.

प्रश्न : आम्ही हापूसच्या पेट्या कुरिअरने पुण्या-मुंबईला पाठवतो. गुगल प्रोफाइल दोनदा निलंबित झालं. का?
— एक बागायतदार

ग्राहक तुमच्याकडे येत नसेल आणि तुम्हीही त्याच्या दारी जात नसाल, तर गुगलच्या नियमाने तुम्ही प्रोफाइलला पात्र नाही. फक्त ऑनलाइन विक्री त्यात बसत नाही. बागेत किंवा आंबा भरण्याच्या शेडमध्ये ठरलेल्या वेळेत प्रत्यक्ष विक्री होत असेल तर बसता, पण मग तिथे पाटी हवी. व्हिडिओ-पडताळणीत रस्ता, आजूबाजूची खूण, पाटी आणि कुलूप उघडून आत जाणं, हे सगळं काटछाट न करता एका सलग चित्रणात दाखवावं लागतं. बागेत रेंज कशी असते ते तुम्हाला माहीत आहेच. अपलोड अर्ध्यात तुटतं, तेव्हा आधी कुठल्या कोपऱ्यात नेटवर्क टिकतं ते बघून ठेवा. भाड्याने देण्याच्या रिकाम्या बंगल्यांनाही हे प्रोफाइल मिळत नाही, म्हणून त्याबाबत विचारणाऱ्या दोन पत्रांनाही हेच उत्तर.

वर्णनातला ‘जीआय’ शब्द जपून वापरा. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन २०१८मध्ये मिळालं, पण ते लावण्यासाठी तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद लागते. ती असेल तर क्रमांक द्या, नसेल तर ‘देवगडच्या बागेतला हापूस’ एवढं पुरे. खाद्यपदार्थांच्या डिरेक्टऱ्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक मागतात, तो आकडा मोजून टाका. एक आकडा कमी पडून अडकलेले अर्ज बरेच असतात.

प्रश्न : कोकम आगळ आणि अमृत कोकम घाऊक विकतो. इंडियामार्ट की जस्टडायल?
— एक उत्पादक, कुडाळ

घाऊकला इंडियामार्ट. जस्टडायलवर गावातला किरकोळ ग्राहक जास्त शोधतो. दोन्ही उत्पादनं वेगळी टाका. आगळ खारट आणि अमृत कोकम साखरेचं, पण ‘ज्यूस’मध्ये एकत्र टाकलं की सरबतवाला आगळाची ऑर्डर देतो आणि मग भांडतो. प्रत्येक नोंदीत कॅनचं माप, किमान ऑर्डर, टिकण्याची मुदत आणि मीठ किंवा साखर लिहा.

प्रश्न : ‘गुगलकडून बोलतोय, तुमची नोंद उद्या बंद होईल’ असे फोन येतात. डोमेनचं बिल म्हणून ईमेलही आला.
— एक वाचक, अलिबाग

गुगल प्रोफाइल फुकट आहे, ते चालू ठेवायला पैसे लागत नाहीत. फोनवर आलेला पडताळणी कोड कोणाला सांगितलात तर प्रोफाइलची मालकी जाऊ शकते. डोमेनच्या ‘बिलात’ बारीक अक्षरांत बहुतेकदा ‘डिरेक्टरी लिस्टिंग’ असं लिहिलेलं असतं. ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्याचं नाव जुन्या पावतीवर बघा, जुळलं नाही तर पैसे भरू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : पावसाळ्यात बोटी बंद, आम्हीही बंद. दर वर्षी नोंद काढून पुन्हा करायची का?
— एक वाचक, मालवण

काढू नका. नोंद काढली की तिच्यावरचे अभिप्राय पुन्हा तसेच मिळतील याचा भरवसा नाही. गुगलवर हंगाम संपला की ‘तात्पुरतं बंद’ करा आणि सप्टेंबरात परत उघडा. ‘कायमचं बंद’ हा पर्याय त्याच्याच शेजारी असतो, घाईत बोट तिकडे जाऊ देऊ नका. ज्या डिरेक्टऱ्यांत वेळा बदलता येत नाहीत, तिथे वर्णनाच्या शेवटी ‘जून ते ऑगस्ट बंद’ असं कायमचं लिहून ठेवा.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी उरका. गुगलने प्रोफाइलसोबत दिलेल्या ‘बिझनेस डॉट साइट’च्या फुकट वेबसाइट मार्च २०२४मध्ये बंद केल्या. जुन्या डिरेक्टऱ्यांत तोच पत्ता राहिला असेल तर तो बदला. आणि काही डिरेक्टऱ्या तुमच्या नंबराऐवजी स्वतःचा वळवलेला नंबर दाखवतात, वर्गणी संपली की तो वाजत नाही. तसा नंबर होर्डिंगवर किंवा रिक्षाच्या पाठीवर रंगवून घेतला असेल, तर पाऊस सुरू होण्याआधी पेंटरला बोलवा.